बंदरांना रांगेत उभं करणाऱ्या बाई

कुणी म्हणालं, "बाई, माल मुंबईकडंच पाठवायचा ना?" की त्या आधी चष्मा काढायच्या. तो टेबलावर उलटा ठेवायच्या, समोरच्याकडं नुसत्या डोळ्यांनी बघायच्या आणि विचारायच्या, "कोनी सांगितलं?"

आवाज चढलेला नसायचा. पण समोरचा माणूस गडबडायचा. खरोखरच कुणी सांगितलेलं नसायचं; वर्षानुवर्षं तसं चाललं होतं, एवढंच. चष्मा काढला की बाईंना हातभर अंतरावरचा चेहरा धड दिसत नसे, हे मला फार पुढं कळलं. समोर शेठ आहे, साहेब आहे की हमाल आहे हे दिसू नये, म्हणूनच त्या चष्मा काढत असाव्यात असं मला आजही वाटतं.

तुम्ही जालन्याचे असाल तर औद्योगिक वसाहतीतल्या बियाणं कंपन्यांची गोदामं तुम्ही पाहिली असतील. सळईच्या कारखान्यांचा धूर ओलांडून पुढं गेलं की लांबच लांब पत्र्याची छपरं लागतात. तिथून मका, कापूस, भाजीपाल्याचं बियाणं देशात जातं आणि परदेशातही जातं. त्यातल्या एका कंपनीत बाई परदेशी मालाचे कागद बघायच्या. मी धुरीवाला. म्हणजे बियाण्याचा कंटेनर बंदराकडं निघण्याआधी तो बंद करून त्यात औषधाचा वायू सोडायचा, आतली कीड मारायची, आणि तसा दाखला लिहून द्यायचा, हा माझा धंदा. दाखल्यावर मालाचं नाव, कंटेनरचा नंबर आणि कोणत्या बंदरातून जाणार ते लिहावं लागतं. म्हणून बाईंशी माझी गाठ रोजची. त्या मला नावानं कधी बोलावत नसत. "धुरीवाले भाऊ" म्हणायच्या.

बाई मूळच्या जालन्याकडच्याच टेंभुर्णीच्या. वडील गवंडी. घरात निळ्या कोटातला एक फोटो आणि त्याखाली वडिलांनी जमवलेली पुस्तकं. बाई जालन्याला राहून बी.कॉम. झाल्या आणि कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. लग्न झालं, नवरा एसटीत वाहक होता, तो लवकर वारला. एक मुलगी. तिला घेऊन त्या शहरातल्या मस्तगड भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. खाली मालकीणबाई, सगळे त्यांना खाला म्हणत. घरात उर्दू बोलणारं कुटुंब. खालांना बरीच वर्षं बाईंच्या नोकरीचा उलगडा झाला नव्हता. बाई कामासाठी बाहेरगावी गेल्या की खाला विचारणाऱ्याला सांगायच्या, "वो बंदर के पास गये." गल्लीतल्या पोरांना वाटायचं, बाई माकडांच्या दवाखान्यात कामाला आहेत. एकानं एकदा विचारलंही, "चाची, कितने बंदर हैं?" बाई न हसता म्हणाल्या, "अभी तीन हैं. तीनों एक दूसरे को दाँत दिखाते."

विनोद म्हणून सांगतोय, पण बंदरांची सगळी गोष्ट या वाक्यात आहे.

आम्ही धंद्यात आलो तेव्हा बंदर एकच होतं, असं म्हटलं तरी चालेल. जालन्यातून निघालेला माल मुंबईकडं जायचा. तिथं एक एजंट होता. फोनवर तो बाईंशी असा बोलायचा की जणू जालना म्हणजे नकाशावरचा डाग. जहाज चुकलं, पुढच्या आठवड्यात बघू. जागा नाही, थांबा. एकदा बाईंनी जास्तच खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्हाला समुद्रातलं काय कळतं?"

बाई म्हणाल्या, "समुद्रातलं न्हाई कळत. पेरनीतलं कळतं."

हे खरं होतं. बियाणं हा जिवंत माल. सळई बंदरात महिनाभर पडून राहिली तर फार तर गंजेल. बियाणं कंटेनरच्या पत्र्याच्या पेटीत महिनाभर उन्हात तापलं तर ते बियाणं उरत नाही, नुसते दाणे होतात. आणि तिकडं पूर्व आफ्रिकेतला शेतकरी आपल्यासारखाच आभाळाकडं बघत बसलेला असतो. त्याचा पाऊस आपल्या जहाजासाठी थांबत नाही. बाईंच्या टेबलामागं एक साधं कॅलेंडर होतं. त्यावर त्यांनी लाल पेनानं परदेशांचे पाऊस लिहून ठेवलेले. कुणाचा मार्चमध्ये, कुणाचा ऑक्टोबरमध्ये. तिथून त्या मागं मागं मोजत यायच्या: वावरात कधी, दुकानात कधी, तिकडच्या बंदरात कधी, आपल्या बंदरात कधी. आणि शेवटी माझ्याकडं यायच्या: "धुरीवाले भाऊ, मंगळवारी गॅस सोडा."

एका वर्षी मुंबईकडं गाड्यांची फार मोठी रांग लागली. बाईंना ही बातमी एजंटाकडून नाही, ड्रायव्हरांकडून कळली. त्यांची ती सवय होती. दुपारी डबा खाऊन त्या गोदामाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जायच्या आणि परतलेल्या ड्रायव्हरांना विचारायच्या: रांग किती, फाटकं किती उघडी, मोकळ्या पेट्या दिसल्या का. ऑफिसातले लोक याला हसायचे. बाईमाणसानं टपरीवर उभं राहणं काहींना रुचत नव्हतं. बाईंना त्यांचं न रुचणं रुचत नव्हतं.

त्या टपरीवर सलीमभाई भेटले. त्यांची गाडी सळई घेऊन गुजरातेत जायची. तिकडं समुद्राकाठी नवं बंदर झालंय, हे त्यांनी सांगितलं. "मॅडम, रस्ता दुगना हाय, पन बिलकुल खाली. गेटवर कुत्रं भी न्हाई."

बाईंनी दुसऱ्या दिवशी मोठ्या शेठना सांगितलं, मक्याचा कंटेनर गुजरातेतून पाठवू. शेठ घाबरले. दुप्पट रस्ता, अनोळखी जागा, अनोळखी माणसं. मुंबईचा एजंट फोनवर हसला म्हणे. बाईंनी शेठना एवढंच विचारलं की दुप्पट रस्ता तीन दिवसांत संपतो, पण रांग किती दिवसांत संपते ते कुणी सांगू शकतंय का. मग शेठ म्हणाले, "तुम्ही स्वतः सोबत जाणार असाल तर पाठवा." बाईंनी नाही म्हणावं म्हणून त्यांनी तसं सांगितलं होतं. बाईंनी मुलीला आठवडाभर खालांकडं ठेवलं आणि भाकरी-ठेचा बांधून गाडीत चढल्या.

मीही गेलो. बंदरात सील तोडून पेटी उघडली तर पुन्हा धुरी द्यावी लागेल, म्हणून. सलीमभाई स्टिअरिंगवर, मी मधे इंजिनाच्या तापलेल्या डब्यावर, बाई खिडकीशी. कन्नडचा घाट उतरताना मी डोळे मिटून घेतले होते. बाई सलीमभाईंना विचारत होत्या की भरल्या कंटेनरला ब्रेक लावताना काय फरक पडतो. तीन दिवस त्या अशाच विचारत राहिल्या. ढाब्यावर लोक त्यांच्याकडं बघायचे. एकानं सलीमभाईंना हळूच विचारलं, ह्या कोण? सलीमभाई म्हणाले, "माल की मालकिन." ते बाईंनी ऐकलं. दोन गावं मागं पडली. मग म्हणाल्या, बंदर आपलं नसतं, जहाज आपलं नसतं, रस्ताही आपला नसतो. माल तेवढा आपला असतो. आणि ज्याच्याकडं माल आहे त्यानंच हात जोडून का उभं राहायचं?

मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. बाईही पहिल्यांदाच. मी पाण्याकडं बघत होतो, बाई क्रेनकडं. "भाऊ, सहापैकी चार रिकाम्या उभ्या हायेत," एवढंच त्या म्हणाल्या.

फाटकावरच्या साहेबानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. चहा आला, सोबत फाफडा आला. जालन्याहून पहिलाच माल आला म्हणून त्यानं बाईंचं नाव विचारून लिहून घेतलं. मला भारून गेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर मी त्या साहेबाचं कौतुक करत होतो, तर बाई म्हणाल्या, "नवं दुकान हाय म्हनून चहा पाजून राह्यलं, भाऊ. जुनं झालं का हेच आपल्याला रांगेत उभं करतील. तवा तिसरं दुकान शोधायचं."

तो मका तिकडच्या पावसाच्या बारा दिवस आधी पोचला. मुंबईकडच्या रांगेत अडकलेल्या दुसऱ्या एका कंपनीचा पोचला नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत वसाहतीतली निम्मी गोदामं गुजरातेकडं माल पाठवू लागली. आणि मग एक गंमत झाली. मुंबईचा तोच एजंट स्वतः जालन्याला आला. हातात पेढ्यांचा मोठा पुडा. बाईंना म्हणाला, ताई, आमच्याकडं आता नवं फाटक झालंय, नवी यंत्रं आलीत, जुनं विसरा. बाईंनी पुडा घेतला, उघडला, ऑफिसात सगळ्यांना, माझ्या माणसांना, बाहेर टपरीवरच्या ड्रायव्हरांनाही पेढे वाटायला लावले. पुडा रिकामा झाल्यावर त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला. गाडी आल्यापासून किती तासांत आत घेणार, जहाज चुकलं तर पुढचं किती दिवसांत देणार, ते लिहून द्या म्हणाल्या. त्यानं लिहून दिलं. बिचारा घामाघूम झाला होता. बाईंनी निम्मा माल पुन्हा मुंबईकडं वळवला. मी विचारलं, झालं ना मग, आता सगळाच वळवायचा? बाईंचा हात चष्म्याकडं गेलेला पाहिला आणि मी विषय बदलला.

पुढं सुरतेच्या बाजूला तिसरं बंदर झालं. बाईंनी तिथंही दोन पेट्या पाठवून पाहिल्या. ते दिवस आठवले की वाटतं, जालन्यासारख्या कोरड्या गावातली एक बाई बंदरांना फोनवर आळीपाळीनं विचारते आहे, आणि ती बंदरं आपापले दिवस कमी करून सांगताहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय हे.

पण दिवस तसे राहिले नाहीत. जहाजं मोठी होत गेली. एवढी मोठी की ती चार ठिकाणी थांबेनात, एकाच ठिकाणी थांबू लागली. आधी दहा कंपन्यांची जहाजं यायची, मग त्या कंपन्या एकमेकींत मिसळल्या. बाईंच्या भाषेत सांगायचं तर दुकानं चार दिसायची, पण गल्ल्यावर एकच माणूस बसलेला. गुजरातचं ते नवं बंदर आता राक्षसासारखं वाढलं होतं. जिथं आम्हाला खुर्च्या मिळाल्या होत्या तिथं सलीमभाईंना आता दीड-दोन दिवस रांगेत थांबावं लागे.

मोठे शेठ वारले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं आला. छोटे शेठ पुण्यात शिकलेले, वागायला सभ्य, बाईंना मान देणारे. त्यांनी एका मोठ्या मालवाहतूक कंपनीशी वर्षाचा करार केला. सगळा माल एकाच बंदरातून, त्या गुजरातच्याच. त्या बदल्यात दरात सूट, आणि सगळं संगणकावर. बाईंनी फक्त बटण दाबायचं. छोट्या शेठचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. चांगल्या वर्षी त्यात कंपनीचा फायदाच होता. बाईंनी त्यांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "दार एकच ठेवलं का चौकीदार मालक होतो." छोटे शेठ हसून म्हणाले, "बाई, आता काळ बदलला." महिन्याभरानं बाईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिला एक खिडकी होती, गोदामाच्या अंगणात उघडणारी. बाईंनी टेबल ओढून खिडकीशी घेतलं. टपरीवर जाणं त्यांनी सोडलं नाही.

मग ते वर्ष आलं. लांबच्या समुद्रात काही भानगड झाली, जहाजं मोठा वळसा घेऊन जायला लागली, रिकाम्या पेट्या मिळेनात. आमच्या कंपनीचे मक्याच्या बियाण्याचे अकरा कंटेनर पूर्व आफ्रिकेला जायचे होते. पहिले चार करारातल्या बंदरात जाऊन पडले. जहाज आज येईल, उद्या येईल. संगणक रोज नवी तारीख दाखवायचा. आत गेलेली पेटी बाहेर काढायची तर कागदांचा एवढा घोळ की त्यात महिना जावा. उरलेले सात गोदामाच्या अंगणात उभे होते. माझी धुरी झाली होती. दाखले लिहायचे बाकी होते.

आणि मालवाहतूक कंपनीचा निरोप आला, की उरलेले सातही पाठवून द्या, जागा अडवून ठेवतो.

त्या दिवशी सकाळी अंगणात सात गाड्या लागल्या. बाई कागदांच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशी मुंबईच्या त्या म्हाताऱ्या झालेल्या एजंटाला फोन केला होता. त्याच्याकडून कळलं होतं की तिथून एक मध्यम आकाराचं जहाज पाच दिवसांनी थेट पूर्व आफ्रिकेला सुटतंय, सात पेट्यांची जागा आहे. बाईंनी मुंबईचे कागद स्वतः तयार करून आणले होते. ते त्यांनी ड्रायव्हरांच्या हातात दिले.

छोटे शेठ धावत आले. करार मोडेल, दंड लागेल, पुढच्या वर्षी ते आपल्याला जागा देणार नाहीत, असं बरंच बोलले. आवाज त्यांचाही चढला नव्हता. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "करार कागदावर हाय, शेठ. पेरनी कागदावर न्हाई. ते लोक वावर नांगरून बसून राह्यलेत."

"आणि जबाबदारी कोणाची?"

बाईंनी एक कागद मागवला. त्यावर लिहिलं, सात कंटेनर मी माझ्या निर्णयानं मुंबईकडं पाठवत आहे, जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. आणि मग त्या माझ्याकडं वळल्या.

दाखल्यावर बंदराचं नाव मी लिहायचं होतं.

तुमच्यापासून लपवत नाही, माझा हात चालेना. माझं निम्मं काम या कंपनीचं होतं. छोटे शेठ माझ्याकडं बघत होते. बाईंनी विनवलं नाही, चष्माही काढला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. सलीमभाईंनी गाडीचं इंजिन सुरू केलं. मी मुंबईकडच्या बंदराचं नाव लिहिलं, सात वेळा. छोटे शेठ आत निघून गेले. त्यांनी गाड्या अडवल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पुढं मला वाटत राहिलं की बाईंनी हे करावं असं त्यांनाही आतून वाटत असावं, फक्त ते स्वतः करायचं नव्हतं.

सात कंटेनर पावसाच्या चार दिवस आधी पोचले. चार दीड महिना उशिरा पोचले. तोवर तिकडच्या शेतकऱ्यांनी मिळेल ते पेरलं होतं. नमुना तपासला तर उगवण अर्ध्यावर आली होती. औषध लावलेलं बियाणं जनावरालाही घालता येत नाही. ते तिथंच जाळावं लागलं.

तुम्हाला वाटेल, यानंतर बाईंना पुन्हा त्यांची खुर्ची मिळाली असेल. मलाही तसं वाटलं होतं. पण मालवाहतूक कंपनीनं कराराचा भंग झाला म्हणून नोटीस पाठवली. पुढच्या हंगामासाठी त्यांच्याशी गोडीनं राहणं भाग होतं. मग चौकशी बसली. मलाही बोलावलं. विचारलं, दाखल्यावर दुसऱ्या बंदराचं नाव कसं आलं? बाई समोरच बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं."

ते वाक्य खोटं नव्हतं. पण ते बोलून मी बाजूला झालो, हे मला बोलतानाच कळलं.

बाईंना एक सोपी वाट दिली होती. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. 'नजरचुकीने कागद बदलले गेले, दिलगीर आहे' एवढं लिहून द्यावं, म्हणजे प्रकरण मिटेल. मजकूर टाइप करून आणलेला, फक्त सही हवी होती. बाईंनी तो वाचला आणि पेन मागितलं. 'नजरचुकीने' हा शब्द खोडला. वर सुवाच्य अक्षरात 'जाणूनबुजून' लिहिलं. 'दिलगीर आहे' हे खोडून त्या जागी काहीच लिहिलं नाही. सही केली.

"नजर बराबर होती," त्या म्हणाल्या. "चूक मी केलेली न्हाई. जी केली न्हाई ती लिहू कशी?"

त्या आठवड्यात त्यांची नोकरी गेली. निरोप समारंभाचं विचारलं तर त्यांनी नको सांगितलं. मी त्यांना भेटायला मस्तगडला गेलो. सामान बांधून झालं होतं, खाला जिन्यात बसून रडत होत्या. मुलगी भोकरदनला शाळेत शिक्षिका झाली होती, तिच्याकडं चालल्या होत्या. मला माफी मागायची होती. बाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "तुमची दोन्ही लेकरं शिकून राह्यलीत, मला म्हाईत हाय. तुम्ही सात दाखले लिहिले. त्येवढं बास झालं." मला वाटतं, त्यांनी मला रागावलं असतं तर सोपं गेलं असतं.

भोकरदनकडं हिरवी मिरची फार होते, हे तुम्हाला माहीत असेल. हंगामात बाहेरचे व्यापारी येतात, गाडी लावतात, सांगतील त्या दिवशी तोडणी. माल आखाताकडं जातो, पण तो कोणत्या वाटेनं जातो हे पिकवणाऱ्याला माहीत नसतं. बाई आराम करायला गेल्या होत्या. तीन महिन्यांत त्यांनी आसपासच्या गावांतल्या बायकांचा एक गट धरला. मथुराबाई म्हणून एक खमकी शेतकरीण त्याची अध्यक्ष. चौथीपर्यंत शिकलेली, पण हिशोबात पक्की. बाईंनी तिला थंड कंटेनर म्हणजे काय, मिरची त्यात किती दिवस तग धरते, जहाज किती दिवसांत पोचतं, हे सगळं शिकवलं. मिरची म्हणजे बियाण्याहून नाजूक. पाच दिवस इकडंतिकडं झाले की संपली.

मला त्यांनी बोलावलं ते लाकडी तबकांसाठी. माल रचायला खाली लाकडी फळ्यांची तबकं लागतात. ती परदेशी जायची तर त्यांनाही धुरी द्यावी लागते. मी भोकरदनला गेलो तर बाई पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास बायकांच्या मधे बसून मिरच्या निवडत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीमुळं. मला बघून म्हणाल्या, "या धुरीवाले भाऊ. हितं धुरीची गरजच न्हाई."

पहिल्याच खेपेला त्यांनी दोन कंटेनर भरले आणि दोन वेगळ्या बंदरांकडं पाठवले. एक मुंबईकडं, एक सुरतेच्या बाजूच्या बंदराकडं. मथुराबाईंना हे उगाच वाटलं. एकाच ठिकाणी दोन्ही पाठवले असते तर धावपळ निम्मी झाली असती. आधी कोणता पोचणार, असं त्यांनी विचारलं.

"पोचतील तवा कळंल," बाई म्हणाल्या. "पन दोघांनाबी म्हाईत पायजे, का दुसरा हाय."

मग जालन्याजवळही कोरडं बंदर आलं, म्हणजे कंटेनर इथंच भरून, सील करून समुद्राकडं धाडायचं ठिकाण; आगगाडीची सोय आली. व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात कुणीतरी मोठा नकाशा लावून भाषण केलं. जालन्यापासून समुद्रापर्यंत एक जाड निळी रेघ दाखवली. म्हणाले, आता समुद्र तुमच्या दारात आला. टाळ्या झाल्या. बाई मागच्या ओळीतून उठल्या, मंचावर गेल्या आणि पाहुण्यांना विचारलं, हितून दुसऱ्या बंदराला गाडी कधी सुटंल? ते म्हणाले, बघू, मागणी आली तर. बाईंनी मंचावरच्या टेबलावरून मार्कर उचलला आणि नकाशाच्या त्या नव्याकोऱ्या फ्लेक्सवर जालन्यापासून आणखी दोन रेघा समुद्रापर्यंत ओढल्या. "ही मागनी," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. माइकवाल्यानं घाईघाईनं गाणं लावलं. बाई भोकरदनची गाडी पकडायला बसस्टँडकडं चालत निघाल्या होत्या. मी स्कूटरवर सोडतो म्हणालो तर बसल्या, आणि वाटेत त्यांनी सगळ्या वेळात फक्त मिरचीच्या तबकांबद्दल विचारलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दुपारी जेवून पडल्या, उठल्या नाहीत. छोटे शेठ भोकरदनला आले होते, सगळ्यांच्या मागं उभे होते. सलीमभाईंनी गाडी चालवणं केव्हाच सोडलंय. ते मुलाच्या मोटारसायकलवर बसून आले.

पंधरा दिवसांनी मथुराबाईंचा फोन आला, तबकं तयार आहेत, या. मला वाटलं होतं गट आता मोडेल. शेडमध्ये गेलो तर बायका तशाच बसलेल्या. मी धुरी दिली, वायू उतरला, दाखला लिहायला बसलो. बंदराच्या रकान्यापाशी आलो आणि सवयीनं मुंबईचं नाव लिहायला लागलो.

"थांबा," मथुराबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर मोबाइल होता, शेजारी दोन बायकांच्या मांडीवर दोन. तिघीजणी तीन बंदरांकडं फोन लावून बसल्या होत्या. "तिघांनाबी सांगितलंय, जहाज कधी सुटतं ते कळवा म्हनून. कळवतील."

मी म्हणालो, उशीर होईल.

"त्येंनाच घाई हाय," त्या म्हणाल्या. "आपला माल हाय."

मी पेन खिशाला लावलं आणि मिरच्या निवडायला बसलो.